अठ्ठावीस दिवस, जोगणी धार

सोमवार, २२ एप्रिल २०१३, पहाटे ४ वाजून ४० मिनिटे

जोगणी धारेखालच्या सपाट दगडावर बसून, टॉर्च दातांत धरून लिहितो आहे. बोटे गारठली आहेत म्हणून अक्षर वाकडे येते आहे. एरवी येत नाही. वनखात्याचे गार्ड बेलीराम यांनी काल दोन वह्या दिल्या. एक सरकारी, तिच्यात रकाने आखलेले आहेत: वेळ, दिशा, अंदाजे अंतर, शेरा. दुसरी कोरी. "ही पण ठेव, कच्चं लिहायला," असे म्हणाले. मी कच्चे लिहीत नाही. ही वही माझी.

काम असे आहे. पंचवीस दिवस रोज पहाटे साडेचार ते साडेसहा या दगडावर बसायचे आणि जुजुराणाचा नर किती वेळा, कुठून ओरडला ते मांडायचे. पक्षी दिसला पाहिजे अशी अट नाही. तो दिसत नाहीच. मी चोवीस वर्षांचा आहे, जन्म याच गावात गेला, आणि तो आजवर एकदाच पाहिला, तोही मेलेला, जिंदू चाचांच्या ओसरीवर. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. दिवसाला दीडशे रुपये मिळतील. नववीत शाळा सोडलेल्याला लेखणीचे काम कोण देतो? म्हणून चुकायचे नाही.

५ वाजून ४ मिनिटांनी पहिली हाक. डावीकडच्या रईच्या झाडांमधून, दोनशे पावलांवर. हरवलेले करडू आईसाठी रडते, तशी. आठ मिनिटांत सात वेळा. मग दुसऱ्या अंगाला दुसरा नर लागला. मग दोघेही गप्प.

 असे आणखी चोवीस दिवस.

गुरुवार, २५ एप्रिल

चौथा दिवस. एकूण हाका ६१. घरी पोचलो तर फुलमा भाभी किल्टा, म्हणजे पाठीची टोपली, लावून निघालीच होती. दादा दूर बोगद्याच्या कामावर असतो. घर, गाय आणि मी अशा तिघांना भाभीच सांभाळते. बर्फ वितळून वर सरकू लागले की ती गुच्छीच्या, म्हणजे रानातल्या अळंबीच्या, मागे लागते. या छत्रीवाचून टोपीच वाढलेल्या कुत्र्यासारख्या दिसणाऱ्या भाजीला वाळवून किलोला नऊ हजार येतात, असे कोणाला खरे वाटेल? (वरचे वाक्य नीट जमले नाही. खोडले तर पान घाण होईल, म्हणून राहू देतो. गुच्छी जाळीदार असते, मधाच्या पोळ्यासारखी.) दोन हंगामांचे पैसे भाभीने साठवले आहेत. या वर्षीचे मिळाले की छपरावर पत्रे.

"कुठल्या बाजूला जातेस?" मी विचारले.

"देवरजी, झोप झाली नाही का तुमची?" ती हसली. "असं कोणी विचारतं का?"

खरे आहे. गुच्छीची जागा आमच्याकडे सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत, आणि विचारणे म्हणजे खिशात हात घालणे. म्हणून कोणी विचारत नाही. नुसते बघतात.

मंगळवार, ३० एप्रिल

गारा. हाका फक्त ३. अंग मोडून आले होते, म्हणून दुपारी जिंदू चाचांच्या तंदूरपाशी जाऊन बसलो. चाचा देवतेचे कारदार आहेत, देऊळ आणि भांडार त्यांच्या ताब्यात. तरुणपणी जुजुराणाला फासे लावत. आता लावत नाहीत, पण आठवणी मात्र रोज काढतात.

"किती मोजलेस?" त्यांनी विचारले.

"आज तीन."

"तीन पक्षी की तीन हाका?"

"हाका."

"म्हणजे सरकार बोंबा मोजतं. मग आमच्या सुनेला लाव कामाला, एकटीच शंभर भरेल."

सून आतून म्हणाली, "सासऱ्यांच्या धरल्या तर दोनशे!"

चाचांनी ऐकले नाही असे दाखवले. मग जुनी गोष्ट सांगितली. देवाने जुजुराणा घडवला तेव्हा सगळ्या पक्ष्यांनी एकेक पीस दिले, म्हणून तो पक्ष्यांचा राजा. "मोनालनं दोन दिली. अजून गावभर सांगत फिरतो."

मी मादीविषयी विचारले. चाचा गंभीर झाले. "मादी मातीच्या रंगाची. ती झाडावर घरटं करते, जुन्या खरसूच्या खांद्यात, शेवाळ असेल तिथे. अठ्ठावीस दिवस बसते, कोंबडीपेक्षा आठवडा जास्त. नर काही मदत करत नाही. ती दिवसातून एकदा उतरते, लिंगडीचे कोंब खाते, पाणी पिते, परत. त्या वेळी तिच्या मनात शंका आली तर संपलं."

"कसली शंका?"

"आपल्याला कोणीतरी रोज बघतंय अशी. तू नाही का अस्वस्थ होत?"

गुरुवार, २ मे

नर दिसला.

५ वाजून ३१ मिनिटांनी, माझ्यापासून तीस पावलांवर, एका मोठ्या दगडामागून आधी नुसते काळे डोके वर आले आणि खाली गेले. पुन्हा वर आले, पुन्हा खाली. लहान मूल दारामागून डोकावते तसे. मग एकदम तो ताठ उभा राहिला. डोक्यावर दोन निळी शिंगे उभी झाली, आणि गळ्याखालून एक निळी-जांभळी झालर उलगडत छातीवर आली, तिच्या कडांना गुलाबी. मान लाल, छाती नारिंगी. बाकी अंग काळे आणि त्यावर पांढरे थेंब, रात्री बर्फ पडू लागते तेव्हाच्या अंगणासारखे. पंख थरथरत होते. समोर, निगालच्या बांबूत, मातीच्या रंगाचे काहीतरी हलले आणि चालते झाले. तो तसाच उभा राहिला, मग झालर गुंडाळली आणि साधा पक्षी झाला.

 सरकारी वहीत शेऱ्याच्या रकान्यात एवढे मावत नाही. तिथे लिहिले: 'नर दिसला.'

शनिवार, ४ मे

घरटे सापडले. नीट, क्रमाने लिहितो.

मोजणी संपवून धारेच्या वरच्या अंगाने उतरत होतो. एक जुना खरसू आहे, वीज पडून अर्धा मोडलेला. त्याच्या वर कातळ आहे. कातळावर बसलो तेव्हा मोडक्या खांद्यातल्या शेवाळात तीन अंडी दिसली. पिवळट, बारीक तांबूस ठिपक्यांची. मादी नव्हती. मी हात लावला नाही, जवळ गेलो नाही, लगेच उठलो.

कोणाला सांगायचे? गार्डसाहेबांना सांगणे हे माझे काम आहे. पण गेल्या वर्षी पलीकडच्या नाल्यात मोनालचे घरटे कळले तेव्हा त्यांनी कोणा साहेबाला कळवले, साहेबाने आणखी दोघांना, आणि आठ दिवसांत तिथे कॅमेरेवाल्यांनी तंबू ठोकला. अंडी थंड पडली. तेव्हा नाही सांगायचे. भाभीलाही नाही. कोणालाच नाही.

पण कोणी तरी लक्ष ठेवलेच पाहिजे. मी रोज एकदा जाईन. फक्त कातळापर्यंत.

सोमवार, ६ मे

चार अंडी. मादी बसली आहे. आजपासून धरले तर ३ जूनला पिल्ले. वहीच्या मागच्या पानावर अठ्ठावीस चौकोन आखले.

बुधवार, ८ मे

मी काय काळजी घेतो ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या विसरणार नाही. (१) ठरलेल्या वेळी जायचे, ७ वाजून १० मिनिटांनी, म्हणजे मादीला सवय होईल. (२) वाटेत पाऊल उमटले तर पाल्याने झाकायचे. (३) कोणी समोरून आले तर झाडाआड थांबायचे, ते गेल्यावर निघायचे. (४) कोणी विचारले तर 'कुठे नाही' म्हणायचे.

आज दोनदा झाडाआड थांबावे लागले. एकदा आमच्या गावच्या मेहरचंदची बायको होती. तिने मला पाहिले असे वाटले, पण ती चालत राहिली. बरे झाले.

शनिवार, ११ मे

विसावा दिवस. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. हाका कमी होत चालल्या आहेत, आज ९. चाचा म्हणतात, माद्या बसल्या की नरांची गरज संपते, मग ते कशाला घसा कोरडा करतील.

पाण्याच्या नळावर बायका माझ्याकडे बघून गप्प झाल्या. सरकारी कामामुळे माणूस डोळ्यांवर येतो.

संध्याकाळी भाभीने वाफवलेले सिड्डू वाढले, तूप घातले नाही. तूप ती दादा येईल तेव्हासाठी राखते, हे ठीक. पण आज तिचे बोलणेही कोरडे होते.

"मोजणी साडेसहाला संपते ना?"

"हो."

"मग तू नऊला येतोस ते?"

"पाय दुखतात. हळू उतरतो."

"हूं. बुटाला काळी माती कशी? दगडाखालची तर तांबडी आहे."

मी बूट दाराबाहेर नेऊन झटकले.

"लुदर," ती म्हणाली, "तुला वेगळी चूल मांडायची असेल तर तोंडानं सांग. मी का तुझे पाय धरून बसणार आहे? पण घरातल्या घरात लपवाछपवी नको. पत्रे काय माझ्या एकटीच्या डोक्यावर येणार आहेत?"

वेगळी चूल कुठून आली, मला समजले नाही. दादाच्या काळजीने ती अशी बोलते, असे वाटते. लग्न तर मी अजून ठरवलेलेही नाही.

रविवार, १२ मे

नवल आहे. जोगणी धारेवर आज तीन बायका दिसल्या. तिथे गुच्छी फारशी नसते, सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय जोगण्यांची, म्हणजे रानातल्या देवतांची, जागा म्हणून बायका तिकडे सहसा जातच नाहीत. यंदा बर्फ उशिरा वितळले म्हणून की काय? मी लांबून वळसा घेतला आणि वाट अधिक चांगली झाकली.

मादी बसलेली आहे. शेवाळ आणि ती यांत फरक कळायला मला अर्धा मिनिट लागतो. तिचा डोळा मात्र उघडा असतो. सातवा चौकोन भरला.

मंगळवार, १४ मे

मोजणीनंतर ७ वाजता कातळाकडे निघालो, तर वरून माणसांचे आवाज. सात बायका, पाठीला किल्टे, हातात काठ्या, खरसूच्या भोवतालचा सगळा पाला उपसलेला, आणि कोणाचा तरी कुत्रा निगालमध्ये तोंड घालून भुंकत होता. मी धावलो. मी पोचायच्या आत मादी उडाली. केवढा आवाज! झाडाचा खांदाच निखळला असे वाटले. तिच्या झपाट्याने एक अंडे शेवाळावरून घसरले आणि खाली फुटले.

बायकांना पक्ष्याचे काही नव्हते. त्या माझ्याकडे बघत होत्या.

मेहरचंदची बायको म्हणाली, "आला बघा मालक! किती काढलीस रे? चार शेर? सरकारचा पगारही घेतोस नि आमच्या पोटावरही पाय देतोस!"

"मी काही काढलं नाही."

"मग रोज इथे काय, जोगणीशी लग्न लावलंस?" सगळ्या हसल्या.

भाभी त्यांच्यातच होती. ती हसली नाही. खरसूच्या बुंध्याशी वाकून तिने ते फुटलेले अंडे पाहिले. मग वर पाहिले. मग माझ्याकडे, पुष्कळ वेळ. मला वाटले आता बोलेल. पण तिने ते अंडे चपलेने पाल्याखाली ढकलून दिले. एवढा राग! मग बायकांना म्हणाली, "इथे काय ठेवलंय? नुसता कुजका पाला. चला, ऊन चढतंय." आणि पहिल्यांदा तीच उतरू लागली. तिच्या शब्दाला गावात मान आहे. कुरकुरत सगळ्या गेल्या. कुत्र्यालाही तिनेच हाकलले.

मी दूर, अगदी खालच्या झाडीत जाऊन बसलो. ५५ मिनिटांनी मादी आली. झाडापर्यंत उडाली नाही. फांदीवरून फांदीवर, चालत, थांबत. बसली. तीन अंड्यांवर.

दुपारी चाचांकडे गेलो. पहिल्यांदा कोणाला तरी सांगितले. रडलो, हेही लिहून ठेवतो.

चाचा म्हणाले, "बायकांना शिव्या का देतोस? त्यांना तूच घेऊन गेलास."

"मी? मी तर रोज पावलं झाकली!"

"तेच. या गावात पावलं कोण झाकतं? झाडाआड कोण लपतं? रिकाम्या हातानं येऊन 'कुठे नाही' कोण म्हणतं? अरे गाढवा, सरळ शीळ घालत गेला असतास तर कुत्र्यानंही मान वळवली नसती."

घरी येऊन ही वही पुन्हा वाचली. ४ मे ते १४ मे, अकरा फेऱ्या. जाऊन येऊन बावीस वेळा मी ती वाट तुडवली. ८ तारखेची चार कलमे वाचवत नाहीत.

गुरुवार, १६ मे

मोजणी संपली. पंचवीस दिवस, ४१८ हाका. गार्डसाहेबांनी वही उलटसुलट पाहिली. "एकही खाडाखोड नाही! तुझ्यासारखी चार पोरं असती तर माझी बढती झाली असती." मग विचारले, "घरटं-बिरटं?"

"नाही," मी म्हणालो. सरकारी कामात बोललेले हे माझे पहिले खोटे.

साडेतीन हजारांच्या वर होतात. दोन हजार हातात दिले, उरलेले 'वरून आले की'.

बायका पुन्हा जाणार. चार दिवस थांबतील, मग जातील, कारण मी काही कबूल केलेले नाही. मी तिकडे गेलो नाही तरी जातील; उलट मी जात नाही म्हणूनच जातील. काल रात्रभर झोप नव्हती. आज पहाटे दगडावर बसल्या बसल्या एक सुचले.

शुक्रवार, १७ मे

आज जोगणी धारेच्या बरोबर उलट्या अंगाला, भेखळ थाचेवर, त्या उंच माळावर, गेलो. दीड तास जास्तीची चढण. नळावर बायका जमल्या होत्या तेव्हाच निघालो, आणि निघताना दोनदा मागे वळून पाहिले. वाटेत पावले झाकली, पण अर्धीच. मेहरचंदची बायको दिसली तेव्हा झाडाआड उभा राहिलो, कोपर बाहेर ठेवून. येताना सदऱ्यात शेवाळ भरून आणले, पोट फुगलेले दिसावे इतके.

आयुष्यात मी कोणाला फसवले नाही. हे काम मला येते आहे, याची लाज वाटते.

सोमवार, २० मे

भेखळ थाचेवर पाच बायका. आनंद झाला आणि वाईटही वाटले. तिथे काही म्हणजे काही नाही, दगड आणि काटे.

सगळ्यात पुढे भाभी. तिचा रिकामा किल्टा पाहून मला मान वर करवेना. गावात हुशार म्हणून तिचे नाव, आणि तीच फसली. काल तर नळावर मोठ्याने म्हणाली म्हणे, "आमचा लुदर मेला तरी सांगायचा नाही, पण मी ओळखून आहे. भेखळ थाचेवरच आहे त्याची जागा." म्हणून बाकीच्या आल्या. मी जेवढे लपूनछपून पाच दिवसांत केले नसते तेवढे तिने एका वाक्यात केले.

गुरुवार, २३ मे

सफरचंदाच्या बागांतून आठवडाभर फवारणीचे काम चालू आहे, अडीचशे रोज आणि दुपारची भाकरी. गेलो नाही. भेखळ थाच. बुटाचा तळ निघाला, सुतळीने बांधला. चढताना आता मधे तीनदा बसतो. आईने जन्म दिला तेव्हा याचसाठी दिला होता का, असे आज एकदा मनात आले, मग चढलो.

एक गोष्ट. परतताना जोगणी धारेच्या पायथ्याजवळून आलो, वर न जाता. तिथे वाटेवर काशमलची काटेरी फांदी आडवी घातलेली होती, तिच्यावर तीन दगड. देवतेची बंदी! धार बंद. जोवर फांदी आहे तोवर कोणी ओलांडणार नाही, मेहरचंदची बायको तर नाहीच. माझे हात आपोआप जोडले गेले. चाचांनीच केले असणार, कारदाराशिवाय दुसऱ्याला तो अधिकार नाही.

शुक्रवार, २४ मे

चाचांचे पाय धरायला गेलो.

"मी?" ते म्हणाले. "हे गुडघे बघ. मी देवळाच्या पायऱ्या चढतो तेच देवतेवर उपकार करतो."

"मग बंदी कोणी घातली?"

"मी घातली नाही." तंदूरमध्ये लाकूड सारले. "पण मी घातली नाही, असंही मी कोणाला सांगायला जाणार नाही. कोणी विचारलं तर मला ऐकू कमी येतं."

म्हाताऱ्या माणसांकडून सरळ उत्तर मिळत नाही.

रविवार, २६ मे

भाभी सकाळी न्हाऊन, नवा पट्टू नेसून देवळात गेली. मडकीभर तूप, दादासाठी राखलेले सगळेच, देवतेला वाहून आली. आणि पाच वेळा नाक घासले, असे चाचांची सून सांगत होती. दंड भरतात तसे.

"कशाबद्दल?" मी जेवताना भाभीला विचारले.

"बायकांच्या जातीला का कमी चुका असतात?" ती म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "खा. वाळून काडी झालास. उद्या पण चढायचंय ना तुला?"

दादा आला की तुपावरून बोलणे होईल. मी मधे पडेन.

गुरुवार, ३० मे

पंचवीस चौकोन. आज भेखळ थाचेवर फक्त दोघी राहिल्या, मेहरचंदची बायको आणि भाभी. बाकीच्या कंटाळून आपापल्या जुन्या जागांवर गेल्या. हंगाम संपत आला. मेहरचंदची बायको दगडावर बसून म्हणाली, "फुलमा, इथे काही नाही ग. तुझा देवर वेडा आहे, नुसता हिंडतो."

"अजून तीन-चार दिवस बघू," भाभी म्हणाली.

"चार दिवसांनी काय उगवणार आहे?"

"कोण जाणे. उगवेल काहीतरी."

झुडपाआड उभा राहून मी ऐकत होतो. तिला ओरडून सांगावेसे वाटले, की जा घरी, तुझ्या जागांवर जा, तिथली गुच्छी जनावरे तुडवताहेत. पण भाभी चुलीपाशी बोलते. एकीला कळले की सगळ्यांना. तोंड दाबून धरले.

सोमवार, ३ जून

अठ्ठाविसावा चौकोन काल भरला. गेलो नाही. चाचा म्हणाले, "पिल्लं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आईमागे खाली उतरतात, आठवड्यात फांदीवर उडतात. तोवर तुझं तोंड दाखवू नकोस. मग जा आणि टरफलं बघ. टोपी कापल्यासारखी गोल कापलेली असली तर आतून फुटलं. भोक पडून कडेला पिवळं चिकटलेलं असलं तर मुंगसानं नाही तर चितरोल्यानं खाल्लं."

दिवसभर झोपलो. उठलो तेव्हा भाभीने बुटाचा तळ शिवून ठेवला होता.

शनिवार, ८ जून, सकाळी ९ वाजून २० मिनिटे

शीळ घालत गेलो. वाटेवरची फांदी आता नव्हती, दगड नीट बाजूला रचलेले होते. कोणाला भेटलो त्याला सांगितले, "जोगणी धारेवर चाललो." कोणी मान वळवली नाही.

कातळावर न बसता सरळ खरसूच्या खांद्यापर्यंत चढलो. शेवाळ दबलेले, त्यात राखाडी तपकिरी दोन पिसे. दोन टरफले, दोन्हींची टोपी गोल कापलेली, आतली पातळ साय कोरडी. तिसरे अंडे तसेच, पूर्ण, गार. हलवले तर आत पाणी वाजले. ते तिथेच ठेवले. खाली लिंगडीत काही खसखसले; मी पाहिले नाही, वळून उतरलो.

घरी भाभी उंबऱ्यात बसून राजमा निवडत होती. मी शेजारी बसलो. तिने सुपातून डोके न काढता विचारले, "दोन का तीन?"

"काय दोन का तीन?"

"भाकरी," ती म्हणाली.

मी दोन म्हणालो. तिने मान हलवली, आणि का कोण जाणे, पदराने डोळे पुसले. राजम्याला धूळ फार असते.

वही संपत आली. हिशोब लिहून बंद करतो.

अंडी चार. फुटले एक, माझ्यामुळे. गार राहिले एक, बहुधा तेही त्याच ५५ मिनिटांत. उबली दोन.

मिळकत: पंचवीस दिवसांचे ३,७५०. हाती २,०००, कार्यालयाकडून येणे १,७५०.

खर्च: टॉर्चचे सेल १२०. सुतळी १०. दोन पेन्सिली १०. एकूण १४०.

बुडाले: बागेतली मजुरी, १७ मे ते २ जून, सतरा दिवस, ४,२५०.

देणे: फुलमा भाभीला. चौदा दिवस ती रिकामा किल्टा घेऊन त्या दगडधोंड्यांत हिंडली, ऐन हंगामात. यंदा तिची गुच्छी वाळून पाऊण किलो भरली; गेल्या वर्षी पावणेदोन होती. फरक एक किलो, रुपये ९,०००, म्हणजे छपराचे पत्रे. ते सगळे माझ्याकडे लागतात, कारण तिला तिथे मी नेले. तूप यात धरलेले नाही, ते तिचे आणि देवतेचे.

पत्रे मी घालून देईन, दिवाळीपर्यंत. कशाबद्दल ते सांगणार नाही. तिला यातले काही माहीत नाही, आणि नसलेलेच बरे.